मागचा पुठ्ठा

खाकीबाई पुस्तकाची मागची बाजू वाचत नसत. स्वतः वाचत नसत आणि शक्यतो दुसऱ्यालाही वाचू देत नसत. नंदुरबारच्या ज्या वाचनालयात त्यांनी नोकरीची सगळी वर्षे काढली, तिथल्या कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांत एकही रंगीत मुखपृष्ठ दिसत नसे. प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचे कव्हर, पाठीवर काळ्या शाईत पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव. बाकी काही नाही. नवा सभासद कपाटासमोर गोंधळून उभा राहत असे. एका निवृत्त अधिकाऱ्याने, हे वाचनालयाचे कपाट आहे की पोलीस ठाण्याचे, असे विचारले होते. बाईंनी मान वर न करता उत्तर दिले, "ठाण्याचंच. आत एकेक जण बसलाय. जबाब घेऊन बघा."

त्यावरून गावाने त्यांना खाकीबाई हे नाव दिले आणि त्यांचे खरे नाव हजेरीपटापुरते उरले. कागद आणि खळ पुरवणारे हनीफचाचा पिढीजात बाइंडर होते. महिन्याची गुंडाळी टेबलावर ठेवताना ते दर वेळी एकच वाक्य म्हणत, "बाई, थाने में भी इतनी खाकी नहीं लगती." बाई दर वेळी ते पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसत. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काम करत होतो आणि इतर वृत्तपत्रे चाळण्यासाठी संध्याकाळी तिथे जात असे. हा विनोद मला पाठ झाला होता.

खाकीची सुरुवात एका मुलीमुळे झाली. ती सातपुड्यातल्या मोलगी गावची होती, नंदुरबारच्या वसतिगृहात राहून शिकत होती. घरची बोली पावरी, मराठी शाळेतली, आणि वाचनाची भूक मोठी. बाईंनी तिच्यासाठी एक कादंबरी बाजूला काढून ठेवली होती. सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या शिक्षिकेची ती गोष्ट होती, चांगली आणि संयमाने लिहिलेली. मुलीने पुस्तक हातात घेतले, उलटे केले, मागचा मजकूर वाचला आणि टेबलावर परत ठेवले. मागे छापले होते, 'गूढ सातपुड्याच्या कुशीत फुललेले एक रानटी प्रेम.' मुलगी म्हणाली, "हे आमच्याबद्दल नाही, बाई." आणि दुसरे काहीतरी घेऊन गेली. पुस्तकात रानटी हा शब्द एकदाही नव्हता. ज्या वाचकासाठी ते लिहिले गेले असावे, त्याच वाचकाला मागच्या पुठ्ठ्याने दारातून परत पाठवले होते. त्याच संध्याकाळी बाईंनी त्या पुस्तकाला खाकी कागद चढवला. पुढच्या आठवड्यात मुलीने ते नेले आणि वसतिगृहातल्या खोल्यांमधून फिरवत बरेच दिवस परतच केले नाही. त्यानंतर बाईंनी कपाटातल्या कथा-कादंबऱ्या एकामागून एक उतरवायला घेतल्या.

पुस्तक निवडून देण्याची त्यांची पद्धतही वेगळी होती. तुम्हाला काय आवडते, असे त्या कधी विचारत नसत. त्या विचारत, "शेवटचं कुठलं पुस्तक अर्ध्यात टाकलंत? आणि कुठल्या पानावर?" आवडीबद्दल लोक खोटे बोलतात, कंटाळ्याबद्दल बोलत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. उत्तर ऐकून त्या कपाटाकडे जात आणि बहुतेक वेळा योग्य ते पुस्तक घेऊन येत.

दुसरा नियम शेवटाचा. वाचनालयात कुणी कुणाला गोष्टीचा शेवट सांगायचा नाही. एका प्राध्यापकांनी जिन्यात उभे राहून एका कादंबरीचा शेवट मित्राला सांगितला, तेव्हा बाईंनी महिनाभर त्यांना फक्त शब्दकोश दिले. प्राध्यापकांनी तक्रार केली. बाई म्हणाल्या, "शब्दकोशाचा शेवट सांगून टाकलात तरी कुणाचं नुकसान नाही, सर."

प्रेमकथांना त्यांचा विरोध होता, असा एक समज पुढे पसरला. तो चुकीचा आहे. त्या प्रेमकथा आवडीने वाचत आणि कॉलेजच्या मुलींना आवडीने देत. प्रेमकथेला नाके मुरडणारे लोक गावात पुष्कळ आहेत, त्यात माझी भर कशाला, असे त्या म्हणत. पावसात अडकलेले दोघे, खोटे ठरवलेले लग्न, आधी भांडण आणि मग प्रेम, हे सगळे साचे त्यांना माहीत होते आणि त्यांची त्या थट्टाही करत. एक घोंगडी आणि दोन माणसे, ही आपल्याकडे डिसेंबरातली नेहमीची गोष्ट आहे, त्यात नवल काय, असे त्यांचे एक भाष्य होते. त्यांचा राग साच्यावर नव्हता. पुस्तक उघडण्याआधी साचा ओरडून सांगण्यावर होता. त्यासाठी त्यांचे एक वाक्य ठरलेले होते. एरवी वाचनालयात त्या शाळेतली मराठी बोलत, पण हे वाक्य नेहमी अहिराणीत येत असे: "पुठ्ठा देखीसन पोर कोन देस?" पुठ्ठा बघून मुलगी कोण देतो?

हे वाक्य त्यांनी कुठून आणले, ते मला उशिरा कळले.

बाई मूळच्या रनाळ्याच्या. त्यांना एक मोठी बहीण, आक्का. आक्का तरुण असताना तापीकाठच्या एका गावातल्या माणसाने तिला सारंगखेड्याच्या जत्रेत पाहिले आणि लग्नाची मागणी घातली. आक्का नाही म्हणाली. तो फटफटी घेऊन रनाळ्याच्या एसटी स्टँडवर येऊन उभा राहू लागला. एक अख्खा हिवाळा तो रोज उभा राहिला. आक्काला सांगून येणाऱ्या प्रत्येक स्थळाला तो स्वतः जाऊन भेटत असे, आणि त्या भेटीनंतर ते स्थळ मागे फिरत असे. गावात बोलणे सुरू झाले. रोज येतो म्हणजे हिनेच काही इशारा केला असेल, असे लोक म्हणू लागले. मध्यस्थाने वडिलांना माणसाचे वर्णन ऐकवले: घरचा बागायतदार, निर्व्यसनी, शब्दाचा पक्का, मुलीवर जीव टाकणारा. यातले प्रत्येक विशेषण सिद्ध करता येण्यासारखे होते. वडिलांनी मुलगी दिली.

पुढची वर्षे आक्का कधी सांगत नसे. ती एका सकाळी लहान मुलाला घेऊन जीपमध्ये बसून रनाळ्याला परत आली आणि पुन्हा गेली नाही. भावाच्या शेतात राबली, मुलाला शिकवले, मुलगा शिक्षक झाला, त्याला मुलगी झाली. दरम्यान तो माणूस वारला. मुलाच्या समाधानासाठी त्याचा फोटो भिंतीवर आला, फोटोला हार आला. नातीला आबा माहीत होता तो एवढाच: पिळदार मिशीचा, हार घातलेला तरुण माणूस. घरात कुणी त्याच्याविषयी वाईट बोलले नाही. कुणी चांगलेही बोलले नाही, पण न बोललेले मुलांना ऐकू येत नाही.

नात कॉलेजात गेली, तेव्हा बाईंनी आक्काला विचारले की तुझी गोष्ट लिहू का. आपल्यामागे ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नसणार, हे दोघींना दिसत होते. आक्काने दोन दिवस घेतले. मग एवढेच म्हणाली, "लिख. पन त्याले चांगलं करू नको."

बाईंनी ही अट मला अनेकदा सांगितली. कादंबरी लिहिण्याची काही वर्षे ती अट त्यांच्या टेबलावरच बसलेली होती. त्याला चांगला करायचा नाही, आणि खलनायकही करायचा नाही, कारण खलनायक केला की वाचणाऱ्याला वाटते असा माणूस आपल्या ओळखीत नाही. त्यांनी त्याला जसा होता तसा लिहिला. स्टँडवरचा हिवाळा लिहिला. लग्न लिहिले. नवव्या प्रकरणात कापसाची खोली लिहिली. वेचणीच्या दिवसांत घरातली एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असते. आक्का न विचारता माहेरी जाऊन आली, म्हणून त्याने तिला त्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी कडी उघडली. तोवर ती नाकातोंडात जाणारे तंतू ओढत बसली होती आणि दाराबाहेर तिचे अंगावरचे पोर रडत होते. संपूर्ण प्रकरणात राग हा शब्द नाही. कडीचा आवाज आहे, कापूस आहे, पोराचे रडणे आहे. मी बातमीदारीत जे काही वाचले आणि लिहिले, त्यात इतके नेमके लिहिलेले थोडे आहे.

कादंबरीचे नाव मी इथे देत नाही. दिले, तर शोधणाऱ्याला पुस्तकाआधी त्याच्या जाहिरातीची रील सापडेल.

पुण्याच्या एका प्रकाशनाने पुस्तक स्वीकारले. संपादकाने चांगले काम केले, हे नमूद केले पाहिजे. मजकुरातला एकही शब्द बाईंच्या संमतीशिवाय बदलला गेला नाही. मग मुखपृष्ठ आले. फोनवर एक आडवे चित्र आले. उजवीकडे पुढची बाजू, डावीकडे मागची. बाईंनी उजवी बाजू मोठी करून पाहिली: धुक्यातला रस्ता आणि स्टँडचा रिकामा बाक. त्यांना ते आवडले. त्यांनी होकार कळवला. डाव्या बाजूला काय आहे, असे मी विचारले होते. बाई म्हणाल्या, "मागचं मी कुणाचंच वाचत नाही. स्वतःचं वाचायला लागले तर लोक काय म्हणतील?" त्या दिवशी आम्ही दोघेही हसलो.

पुस्तके आली. बाईंनी गठ्ठा सोडला आणि सवयीप्रमाणे आपल्या प्रतींना खाकी कागद चढवायला बसल्या. पुठ्ठे उलटताना मागची बाजू हाताखालून गेली असणार. डोळ्यांखालून गेली नाही. आयुष्यभराची शिस्त अशा वेळी जशी वागते तशी ती वागली.

मागे काय आहे, ते त्यांना नातीच्या संदेशातून कळले. नातीने पुस्तक अजून वाचले नव्हते. मावशीआजीच्या सहीची प्रत मिळायची ती वाट पाहत होती. प्रकाशनाने केलेली रील मात्र तिच्या मैत्रिणींनी तिला पाठवली होती आणि ही आपल्याच घरातली गोष्ट आहे, एवढे तिला माहीत होते. रीलमध्ये कापूस बर्फासारखा हळूहळू खाली पडतो. लाल शालूतली एक मुलगी त्यावर पडून हसते. दारात पुरुषाची सावली उभी राहते. अक्षरे येतात: 'दोघे. एकच खोली. आणि कापसाची रात्र.' नातीने ती स्वतःच्या स्टेटसला ठेवली होती आणि बाईंना लिहिले होते, 'मावशीआजी, किती भारी!' शेवटी हृदये होती.

बाईंनी टेबलावरच्या प्रतीचे खाकी कव्हर काढले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा ठरवून एका पुस्तकाची मागची बाजू वाचली. वर तीन ओळी होत्या: 'ती नाही म्हणत राहिली. तो थांबत राहिला. शेवटी कोण हरलं?' त्याखाली गोल चौकटींमध्ये चार खुणा होत्या. आधी तिरस्कार, मग प्रेम. हट्टी नायक. सक्तीचं लग्न. दोघे आणि एकच खोली. प्रत्येकीपुढे एक लहान ज्योत काढलेली होती.

त्या पुढच्याच बसने रनाळ्याला गेल्या. तिथे त्यांच्याआधी नात पोहोचली होती. आजीसमोर फोन धरून ती विचारत होती, "आजी, आबा तुन्हाकरता रोज स्टँडवर उभा ऱ्हाये का?" विचारताना तिचा चेहरा फुललेला होता, असे बाईंनी सांगितले. आक्काने फोन पाहिला, परत दिला आणि परसात निघून गेली. बाई मागे गेल्या. आक्का भांडी घासत होती. तिने वळून पाहिले नाही. म्हणाली, "तू त्याले चांगलं करी टाकं."

बाई ओसरीवर परत आल्या. त्यांनी नातीच्या हातात खाकी कव्हरची एक प्रत दिली आणि सांगितले, "नववं प्रकरण आधी वाच." नातीने ते ओसरीवर बसून वाचले. स्टेटस काढून टाकले. तेव्हापासून ती रनाळ्याला असली की अंथरूण आजीच्या खाटेशेजारी घालते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रकाशनाला फोन केला तेव्हा मी वाचनालयात होतो. त्यांचे हात खळीने भरलेले होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता. प्रसिद्धी विभागातला एक तरुण बोलत होता. तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याने शांतपणे समजावले की वाचक आता पुस्तक शोधत नाहीत, साचा शोधतात. त्याला ट्रोप म्हणतात. ट्रोप लिहिला की पुस्तक योग्य वाचकापर्यंत पोहोचते. बाईंनी विचारले, तुम्ही पुस्तक वाचले का. तो म्हणाला, गोषवारा वाचला. बाई म्हणाल्या, हे खोटे आहे. त्यावर तो थोडा दुखावला. "मॅडम, खोटं काय आहे? तो स्टँडवर उभा राहतो ना? लग्न सक्तीचं आहे ना? खोली आहे ना पुस्तकात?"

बाईंनी हातावरची खळ फडक्याला पुसली. "दादा, आमच्याकडे वरण-बट्टी लग्नालाही करतात आणि तेराव्यालाही करतात. म्हणून तेराव्याच्या पत्रिका कुणी गुलाबी छापत नाही."

तो हसला. छान बोलता मॅडम, म्हणाला, याचीच एक रील करू या. मागच्या मजकुराचे पुढच्या आवृत्तीत पाहू, असे आश्वासन त्याने दिले. करारात मुखपृष्ठ आणि प्रसिद्धीचे अधिकार प्रकाशनाकडे आहेत, हेही नम्रपणे आठवून दिले. फोन बंद झाल्यावर बाई काही वेळ खाकी कागदाची घडी नखाने दाबत बसल्या. मग अहिराणीत बोलल्या, माझ्याशी नव्हे, फोनकडे बघून. "याले खोली दिखनी. कडी नही दिखनी."

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. मथळा बातमीच्या उलट गेला, तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो. लहान अक्षरांत, आतल्या पानावर, पण छापावा लागतो. मथळ्यातला प्रत्येक शब्द बातमीत सापडतो, हा बचाव कोणताही संपादक ऐकून घेत नाही. आक्काच्या लग्नाच्या मध्यस्थालाही नेमका तोच बचाव करता आला असता आणि या तरुणाने तोच केला. दोघांनी एकाच माणसाची शिफारस केली. फरक एवढाच की मध्यस्थ एकाच घरात गेला होता.

पुस्तक खपले. दुसऱ्या आवृत्तीत मागचा मजकूर तसाच राहिला आणि पुढच्या बाजूला एक लाल गोल वाढला. त्यात तीन मिरच्या होत्या. हल्ली प्रेमकथेचा तिखटपणा मिरच्यांनी मोजतात, हे बाईंना कॉलेजच्या मुलींनी समजावून सांगितले. नंदुरबारात मिरचीचे असे चित्र कुणी सहज काढत नाही. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पसरलेली असते आणि देठ खुडणाऱ्या बाया संध्याकाळी घरी जाऊन पोराला हात लावत नाहीत. बाई मुलींना म्हणाल्या, "त्या बायांचे हात आधी बघून या. मग सांगा, किती मिरच्यांचं पुस्तक हवं."

वाचकांचे संदेश येऊ लागले. बहुतेक प्रेमळ होते. एका मुलीने लिहिले की तिला असाच हट्टी नवरा हवा आहे. दुसरीने विचारले की शेवट असा का केला, तो स्टँडवर रडतो तेव्हा ती परत जायला हवी होती. तिसरीने नवव्या प्रकरणाचे नावही न घेता लिहिले होते, 'खोलीचा सीन कमाल.' या मुलींवर बाई चिडल्या नाहीत. मागच्या पुठ्ठ्याने त्यांना जे शोधायला सांगितले, तेच त्यांना सापडले होते. बाईंचा राग पुठ्ठ्यावर होता आणि तो शेवटपर्यंत उतरला नाही. त्या उत्तरे लिहीत, प्रत्येकीला वेगळे, प्रत्येकीला सविस्तर, आणि उत्तराचे उत्तर सहसा येत नसे.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला खटकली. त्यांनी स्वतःचा नियम मोडला. त्यांची कादंबरी मागायला कुणी टेबलापाशी आले, की त्या आधी शेवट सांगत. "ती निघून जाते. परत येत नाही. तो रडतो तरी येत नाही. चालत असेल तर न्या." काही जण न्यायचे, काही जण हिरमुसून दुसरे काही मागायचे. जिन्यात शेवट सांगितला म्हणून शिक्षा भोगलेले प्राध्यापक एकदा तिथेच उभे होते. त्यांनी विचारले, आता शब्दकोश कुणाला द्यायचा, बाई? बाई म्हणाल्या, मला द्या. त्यात मी हसू शोधत होतो, पण ते नव्हते. ज्या बाईने इतरांच्या गोष्टींचे शेवट जन्मभर जपले, तिला स्वतःच्या एकमेव गोष्टीचा शेवट दारातच फोडावा लागत होता. पुस्तकाचे यापेक्षा मोठे नुकसान मला माहीत नाही. ते कुठल्याही खपाच्या आकड्यात दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. आजार थोड्या दिवसांचा होता. हनीफचाचा कागदाची गुंडाळी घेऊन वाचनालयात आले आणि बाई नाहीत हे तिथेच कळल्यावर गुंडाळी तशीच टेबलावर ठेवून, पैसे न घेता, निघून गेले.

शोकसभा गावातल्या एका सभागृहात झाली. व्यासपीठामागे फ्लेक्स होता. प्रकाशनाने तत्परतेने पाठवलेला. बाईंचा फोटो लहान आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ मोठे, मिरच्यांसह. बाहेरगावहून आलेल्या एका वक्त्यांनी बाईंना खानदेशच्या मातीतली हळुवार प्रेमकथा लिहिणारी लेखिका म्हटले आणि मागच्या पुठ्ठ्यावरच्या तीन ओळी चालीवर म्हणून दाखवल्या. शेवटी कोण हरलं, असे त्यांनी सभागृहाला विचारले.

आक्का दुसऱ्या रांगेत बसली होती. ती नातीच्या खांद्यावर हात ठेवून उठली. तिने माईक मागितला नाही. "ती गोट मन्ही शे," ती म्हणाली. ती गोष्ट माझी आहे. "तठे प्रेम नही व्हतं. कडी बाहेरथीन व्हती."

वक्त्यांनी हात जोडले. आजींच्या भावना आपण सर्व समजू शकतो, असे ते म्हणाले आणि पुढचा मुद्दा घेतला. सभा वेळेत संपली.

कुणीतरी आक्काचे ते बोलणे फोनवर टिपले होते. काही दिवसांत ते प्रकाशनाच्या पानावर आले. मागे बासरी होती. खाली कापूस पडत होता. वर लिहिले होते, 'भेटा खऱ्या नायिकेला.' अहिराणी ज्यांना कळत नाही, त्यांनी ते हजारोंनी पाहिले आणि आजी किती गोड आहेत, असे लिहिले. नातीने ते काढून टाकण्याची विनंती पाठवली. उत्तरात धन्यवाद आणि एक हृदय आले.

नातीने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. बातमी करता येईल का, असे तिने विचारले. मी बातमी केली. ती आतल्या पानावर, लहान आली. मग तिने स्वतः एक चित्रीकरण केले. रनाळ्याची ओसरी, खाटेवर आक्का, शेजारी नात, हातात खाकी कव्हरचे पुस्तक. संगीत नाही. ती नववे प्रकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचते. मजकूर मराठीत आहे; मध्ये मध्ये आक्का तिला थांबवून एखादी गोष्ट अहिराणीत दुरुस्त करते, कडी लोखंडाची होती, पोर भुकेले होते. हे फार कुणी पाहिलेले नाही.

त्याखाली कुणा अनोळखी मुलीचा एक प्रश्न आहे: शेवटी ते दोघं एकत्र येतात ना?

नातीने एका शब्दात उत्तर दिले आहे. नही.